स्पीकरची केबल खरंच 'मुरते' का?

तारांबळ | १४ जून, रात्री ११.१०

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानातून स्पीकरची केबल घेतली. तीन-तीन मीटरची जोडी, १८,००० रुपये. (घरात सांगितलेला आकडा ४,००० आहे. इथे कुणी आमच्या हिला ओळखत असेल तर कृपया गप्प बसावे.)

लावली, आणि पहिल्या दिवशी आवाज दबलेला वाटला. गाणारा आणि मी यांच्यामध्ये कुणीतरी ओली चादर वाळत घातलीय असा. दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नवी केबल आहे, २०० तास वाजू द्या. मुरायला वेळ लागतो. मधेच परत आणाल तर तुमचंच नुकसान."

तेव्हापासून ऑफिसला जाताना रेडिओ लावून जातो. हिशेबाने १६० तास झालेत. आणि खरं सांगू का, आवाज मोकळा झालाय! तबल्याची चाट वेगळी कळते, तानपुरे मागे सरकलेत. बायको म्हणते, काहीही बदललेलं नाही, विजेचं बिल सोडून.

तर प्रश्न असा: तांब्याची तार वाजून वाजून बदलते का? की मला गंडवलंय?

मी_फक्त_वाचतो | १४ जून, रात्री ११.१८

चिवड्याचा डबा घेऊन बसलोय.

चाळकरी | १४ जून, रात्री ११.२५

दुकानाची माल परत घ्यायची मुदत किती?

तारांबळ | १४ जून, रात्री ११.२७

७ दिवस.

चाळकरी | १४ जून, रात्री ११.३१

७ गुणिले २४ म्हणजे १६८. अखंड हरिनाम सप्ताहासारखी रात्रंदिवस वाजवली असतीत तरी २०० भरले नसते. माझ्यापुरता धागा संपला.

सुवर्णकान | १५ जून, सकाळी ७.५०

चाळकरी, हिशेब गमतीचा आहे, पण दुकानदार लबाड असला म्हणून केबल मुरत नाही असं सिद्ध होत नाही. सोनार डांबिस निघाला म्हणून सोनं खोटं ठरतं का?

मी १५ वर्षं या नादात आहे. आठ-दहा जोड्या तरी वापरून झाल्या. प्रत्येक नवी केबल पहिले काही दिवस कर्कश किंवा बंद बंद वाजते आणि मग हळूहळू बसते. तांब्याबद्दल मी बोलतच नाही. बदल होतो तो तारेभोवतीच्या वेष्टनात. पीव्हीसी असो, पॉलिथिन असो की टेफ्लॉन, ते विद्युतक्षेत्रात थोडा विद्युतभार शोषून घेतं आणि सावकाश सोडतं. हे पुस्तकातलं विज्ञान आहे, माझं नाही. काही कंपन्या तर केबलला छोटी बॅटरी जोडून वेष्टन ७२ व्होल्टवर कायम ताणलेलं ठेवतात. उगाच ठेवतील का?

तारांबळ, २०० तास पूर्ण करा. मग बोला.

खवचट_खारूताई | १५ जून, सकाळी ८.१५

"उगाच ठेवतील का?" या तीन शब्दांवर अख्ख्या जगाचा व्यापार चालतो हो.

एक_वूफर | १५ जून, सकाळी ९.०५

स्पीकर मात्र खरंच मुरतो, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर एका झाडूने सगळंच झाडलं जाईल. शंकूच्या मागे एक नागमोडी कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. नवी असताना ती ताठ असते, शंकूच्या कडेचं रबरही ताठ. वाजल्यावर दोन्ही सैल होतात आणि स्पीकरची मूळ अनुनाद वारंवारता (ज्या सुराला तो आपोआप सर्वात जास्त थरथरतो ती) खाली येते. मी स्वतः १२ इंची वूफर मोजला होता: डब्यातून काढला तेव्हा ३८ हर्ट्‌झ, एक रात्र मंद आवाजात हलवल्यावर ३४. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईमागचं रबरही असंच सैलावतं.

मात्र यातला बराचसा बदल पहिल्या काही तासांतच होतो. बंद पेटीत बसवल्यावर तर पेटीतली हवाच मुख्य स्प्रिंग असते, तिथे तोही फरक कमी उरतो. मुख्य म्हणजे इथे काहीतरी *हलतं*. केबलमध्ये काय हलतं?

ओहमशांती | १५ जून, दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबेल.

वूफरराव, केबलमध्ये हलतात ते इलेक्ट्रॉन, पण किती ते बघा. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर प्रवाह एकाच दिशेने सोडला, तर इलेक्ट्रॉनांची सरासरी सरक तासाला साधारण १० सेंटीमीटर असते. तारांबळ यांची ३ मीटर केबल पार करायला सव्वा दिवस. आणि संगीताचा प्रवाह एका दिशेने जातच नाही. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पुढे-मागे. म्हणजे दिंडीतल्या पावलीसारखं, दोन पावलं पुढे, दोन मागे. ही दिंडी पंढरपूरला पोचतच नाही. त्यामुळे 'प्रवाहाने तारेत वाट मळते' हे डोक्यातून काढून टाका.

आता तांबं. तार ओढून बारीक करताना तांबं कडक होतं, मग तापवून मऊ करतात. कडक आणि मऊ तांब्याच्या वाहकतेत जेमतेम ३ टक्क्यांचा फरक पडतो, आणि त्यासाठी शेकडो अंशांची भट्टी लागते. दिवाणखान्यात भैरवी लावून ते होत नाही.

रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा म्हणाल, तर २.५ चौरस मिमी तारेचा किलोमीटरला ७ ते ८ ओहम. जाऊन-येऊन ६ मीटर धरा, ०.०५ ओहमच्या आत. ८ ओहमच्या स्पीकरसमोर त्याने आवाजात पडणारा फरक ०.०५ डेसिबल.

खरी गंमत पुढे आहे. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. पुण्यात मे महिन्यातली दुपार ३८ अंश आणि डिसेंबरातली पहाट १२ अंश धरली, तर केबलचा रोध १० टक्क्यांनी बदलला. मुरण्याने होणारा कोणताही काल्पनिक बदल याच्यापुढे चिल्लर आहे. तरी "माझी केबल थंडीत जास्त गोड वाजते" असं आजवर एकानेही लिहिलेलं नाही. का? कारण दुकानदाराने तसं सांगितलेलं नसतं.

आणि स्पीकरच्या आत तांब्याचंच वेटोळं असतं. मोठ्या आवाजात ते सहज ५० अंशांनी तापतं, म्हणजे त्याचा ६ ओहम रोध सव्वा ओहमने वाढतो. केबलच्या एकूण रोधाच्या पंचवीसपट. हे दर मैफिलीत घडतं, त्यावर चर्चा शून्य.

सुवर्णकान, वेष्टनाचं संध्याकाळी.

मंडपवाला_कोल्हापूर | १५ जून, दुपारी ३.२०

आमच्या वडलांपासनं साऊंडचा धंदा हाय. आमच्या वायरी गणपती, नवरात्र, लग्नसराई, उरूस सगळीकडं वाजून आल्यात. चिखलातनं गेल्यात, ट्रॅक्टर खालनं गेल्यात. २०० तास म्हंता, आमची एकेक वायर २० वर्षं वाजती. मुरायचं खरं असतं तर एव्हाना नुसती वायर गाईली असती, अँप्लिफायरची गरजच न्हवती.

वायर बिघडती ती टोकाला. जॅकच्या आतलं डाग (सोल्डर) सुटतंय, न्हाईतर कुणीतरी वायरीला धरून जॅक वडतंय. बाकी काय न्हाई.

पण लांबी बघा बरं का. आमचं ५० मीटरचं अंतर असतंय आणि खाली ४ ओहमचा लोड. तिथं बारीक वायर टाकली तर ३० टक्के ताकद वायरच खाती. तिथं पैसा घालायचा. तीन मीटरला कशाला?

खवचट_खारूताई | १५ जून, दुपारी ३.४१

"नुसती वायर गाईली असती" यावर आजचा चहा माझ्याकडून.

भाषाभगिनी | १५ जून, दुपारी ४.१०

थोडं अवांतर. 'मुरणे' हा शब्द मला पटत नाही. लोणचं मुरतं कारण मीठ-तेल फोडीत शिरतं. इथे काय कशात शिरतंय? पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर चिठ्ठी असायची, गाडी नवीन आहे, जपून चालवतोय अशा अर्थाची, त्याला आमचे बाबा 'इंजिन रुळतंय' म्हणायचे. तेव्हा 'रुळणे' घ्या.

चाळकरी | १५ जून, दुपारी ४.१६

नवी सून रुळते तसं?

भाषाभगिनी | १५ जून, दुपारी ४.३०

सून रुळली असं सासरचे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा सासरचेच रुळलेले असतात, चाळकरी. तिच्या हातची आमटी पहिल्या दिवशी होती तशीच असते.

ओहमशांती | १५ जून, दुपारी ४.३३

मी सकाळपासून आकडेमोड करतोय आणि ताईंनी आमटीत उरकलं.

सुवर्णकान | १५ जून, संध्याकाळी ७.०५

आमटी ठीक आहे, वेष्टनाचं उत्तर राहिलंय.

ओहमशांती | १५ जून, रात्री ९.३०

विसरलो नाही. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मला आवडतं.

वेष्टन (इन्सुलेशन) भार शोषतं हे शंभर टक्के खरं. तपकीर गल्लीतल्या कुठल्याही जुन्या टीव्ही मेकॅनिकला विचारा. पिक्चर ट्यूबचा भार एकदा जमिनीत सोडला, तरी थोड्या वेळाने पुन्हा झटका बसतो, म्हणून ते दोनदा सोडतात. पण हा परिणाम येतो आणि जातो. वीज काढली की काही वेळाने पदार्थ पूर्वपदाला. २०० तासांनी कायमचा 'सुधारला' असं होत नाही. होत असतं तर रात्री अँप्लिफायर बंद केल्यावर तुमची केबल रोज पहिलीत बसली असती.

दुसरं, प्रमाण. तुमच्या केबलची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, धरू ३०० पिकोफॅरड. ती ८ ओहमच्या स्पीकरला समांतर. तिचा परिणाम सुरू होतो साधारण ६.६ कोटी हर्ट्‌झला. आपले कान २०,००० ला थांबतात, आणि आपल्या वयात त्याच्याही बरेच अलीकडे.

जिथे धारिता खरोखर ऐकू येते ती जागा सांगतो: इलेक्ट्रिक गिटार. पिकअपचा (तारांची थरथर टिपणाऱ्या वेटोळ्याचा) रोध प्रचंड आणि केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. ६ मीटर केबल लावली की वरचे सूर बोथट होतात. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईचंही तेच. पण तिथेही केबल पहिल्या दिवशी जशी असते तशीच शेवटपर्यंत राहते.

रेडिओसखा | १५ जून, रात्री १०.०२

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला गरम व्हायला अर्धा-एक मिनिट लागायचं. आधी डायलमागचा दिवा, मग घरघर, मग आवाज. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल. आजोबा ती जाळी दर दिवाळीला पुसायचे आणि म्हणायचे, आता सिलोन स्पष्ट येतंय. येत होतं का कुणास ठाऊक. आम्ही हो म्हणायचो, नाहीतर फराळ उशिरा मिळायचा.

आंबेआळी | १५ जून, रात्री १०.४०

रत्नागिरीहून लिहितोय. माझा अनुभव कुणी काढला नाही तो सांगतो.

दोन वर्षांपूर्वी नवी केबल घेतली, लावली आणि आवाज एकदम उघडला. आठ दिवस सगळ्यांना घरी बोलावून ऐकवलं. मग एकदा ती भाच्याला दिली आणि जुनी परत लावली, तर आवाज तितकाच उघडा! डोकं चालेना. शेवटी अँप्लिफायरच्या मागे टॉर्च मारून पाहिलं. ज्या भोकांत मी दोन-तीनदा प्लग घातला-काढला होता ती आतून चकचकीत. बाजूची, कधीच न वापरलेली जोडी हिरवट-काळी. खारी हवा! प्लग आत-बाहेर करताना ती पुटं घासली गेली होती, केबल नवी की जुनी याचा संबंधच नव्हता.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सगळे प्लग काढतो, पुसतो, फिरवून घालतो. खर्च एक जुनी बनियन.

जवारी | १६ जून, सकाळी ६.४५

रियाजानंतर लिहितेय. मला तारेतली वीज कळत नाही, पण तारा कळतात.

आमच्या क्षेत्रात खरोखर बदलणाऱ्या वस्तू खूप आहेत. तबल्याची नवी पुडी वाजून वाजून मोकळी होते. तानपुऱ्याची तार घोडीवर घासून घासून बारीक खाच पाडते, जवारी (घोडीचा झंकार देणारा माथा) बसते, मग पुन्हा काढावी लागते. मिरजेच्या कारागिरांचं निम्मं आयुष्य त्यात जातं. पावसाळ्यात तर माझा भोपळा आणि मी दोघेही आजारी असतो. तेव्हा 'वाजवल्याने वस्तू बदलते' ही कल्पना माणसाला सहज पटते, कारण ती वाद्यांबाबत खरी आहे.

पण दुसरीही एक गोष्ट आहे. तानपुरा जुळवून सुरुवात केली की पहिली दोन-चार मिनिटं फक्त षड्‌ज-पंचम ऐकू येतात. मग हळूच त्यातून गंधार डोकावायला लागतो, ज्याची तार तानपुऱ्याला लावलेलीच नसते. विद्यार्थिनी विचारतात, "ताई, आता आला का?" तो पहिल्या झंकारापासून तिथेच असतो. षड्‌जाच्या तारेतच तो स्वर आहे. कान शांत बसल्यावर सापडतो, इतकंच.

तारांबळदादा, तुम्ही १६० तासांत तेच ध्वनिमुद्रण किती वेळा ऐकलंत?

तारांबळ | १६ जून, सकाळी ९.१०

जवारीताई, मोजलं नाही, पण रोज रात्री एकदा तरी. एकच मुद्रण ठेवलं होतं, तुलना नीट व्हावी म्हणून. आता त्यातला श्रोत्यांमधला खोकलासुद्धा पाठ झालाय.

सुवर्णकान | १६ जून, सकाळी ९.४०

तानपुऱ्याचं उदाहरण सुंदर, पण ते माझ्याही बाजूचं आहे. गंधार यंत्राने नाही, कानाने सापडला. मग माझ्या कानाला सापडलेला फरक मल्टिमीटर नाही म्हणतो म्हणून खोटा का?

ओहमशांती | १६ जून, सकाळी १०.०५

गंधार यंत्रालाही दिसतो. वर्णपटात षड्‌जाच्या पाचपट वारंवारतेवर ठसठशीत उभा असतो. आणि मल्टिमीटरला उगाच मध्ये आणू नका. त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी तो ०.२ ओहम दाखवतो, त्याच्याकडून ०.०५ काय मोजणार? इथे कानच वापरायचे, फक्त डोळे बंद ठेवून.

बे_एरियाकर | १६ जून, दुपारी १२.३०

डोळे बंदवरून आठवलं. इकडे अमेरिकेत जेम्स रँडी नावाचे जादूगार होते, चमत्कार सिद्ध करणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ म्हणायचे. २००७ मध्ये त्यांनी ते बक्षीस महागड्या स्पीकर केबललाही लागू केलं: न बघता साध्या चांगल्या केबलपासून ओळखून दाखवा. बरीच पत्रापत्री झाली, चाचणी शेवटपर्यंत झालीच नाही. दोन्ही बाजू आजही म्हणतात, समोरचा पळाला.

खवचट_खारूताई | १६ जून, दुपारी १२.४४

तिकडे 'केबल कुकर' नावाचं यंत्रही मिळतं म्हणे, केबल लावून ठेवायची, आतून शिजते. किती शिट्ट्या कराव्या लागतात?

मंडपवाला_कोल्हापूर | १६ जून, दुपारी १.०२

तांबड्या रश्श्याला चार. वायरीला इचारून सांगतो.

एक_वूफर | १६ जून, दुपारी २.१५

तारांबळ, एक शंका. स्पीकर कधीचे आहेत?

तारांबळ | १६ जून, दुपारी २.५०

…केबलच्या चार दिवस आधी घेतलेले.

एक_वूफर | १६ जून, दुपारी २.५२

अहो!!! आणि आम्ही दोन दिवस काय करतोय इथे?

तारांबळ | १६ जून, दुपारी ३.२०

थांबा, अजून आहे. आत्ता हिला विचारलं, खोलीत महिनाभरात काय बदललं. तिने एका दमात सांगितलं: पाऊस लागल्यापासून रस्त्याकडच्या खिडक्या बंद आहेत, जाड पडदे परत लावलेत, आणि वाळत न घालता येणाऱ्या दोन गोधड्या सोफ्याच्या पाठीवर पसरल्यात. म्हणजे मे महिन्यात मी सिंहगड रोडच्या रिक्षांसकट गाणं ऐकत होतो.

चाळकरी | १६ जून, दुपारी ३.२५

ओली चादर पहिल्याच पोस्टमध्ये होती. उलट्या बाजूने.

सुवर्णकान | १६ जून, रात्री ८.३०

ठीक आहे, एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, मान्य. मग एकच बदलून बघू. तारांबळ यांच्याच केबलची एक जोडी माझ्याकडे सील न फोडलेली आहे, सवलतीत घेतली होती. मी कोथरूडला आहे. त्यांची २०० तास भरली की माझी कोरी जोडी घेऊन येतो. त्याच खोलीत, तेच स्पीकर, एक मुरलेली, एक कोरी.

ओहमशांती | १६ जून, रात्री ८.४१

मानलं तुम्हाला! मीही येतो. नियम: १६ फेऱ्या, प्रत्येक फेरीआधी नाणं उडवायचं, केबल बदलणारा ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. १६ पैकी १२ बरोबर आले तर केवळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. त्याखाली काही आलं तर चहा पिऊन घरी.

संपादक | १६ जून, रात्री ९.००

धाग्यावर वैयक्तिक शेरे आलेले नाहीत याची आश्चर्याने नोंद घेतली आहे.

मी_फक्त_वाचतो | २९ जून, रात्री १०.१५

चिवडा संपला. काय झालं?

तारांबळ | ६ जुलै, रात्री ११.३०

आज झालं. सविस्तर लिहितो.

स्पीकरच्या मागे दोरी बांधून जुनी चादर लटकवली. चादरीमागे आमची ही, हातात रुपया आणि वही. छापा आला की मुरलेली, काटा आला की कोरी. दोन्ही जोड्यांच्या प्लगवर एकसारखी काळी पट्टी, फक्त तिच्या बाजूने खडूची खूण. अँप्लिफायरचा आवाज एकदा ठरवून खुंटीवर टेप मारला. तिचं झालं की ती टाळी वाजवायची आणि आतल्या खोलीत जायची, मग ओहमशांती आम्हाला खूण करायचे. त्यांनाही माहीत नव्हतं कोणती लागलीय. आधी दोन्ही केबली उघडपणे वाटेल तितका वेळ ऐकून घेतल्या. तेव्हा आम्हा दोघांचंही एकमत: मुरलेली स्पष्टच सरस.

मग चादर.

मी १६ पैकी ९. सुवर्णकान १६ पैकी ७.

वहीत आणखी एक रकाना होता, तो हिने स्वतःहून घातला: "किती खात्री?" मी पाच वेळा 'शंभर टक्के' म्हणालो होतो. त्या पाचांतले तीन चुकले. सातव्या फेरीत मी हात जोडून म्हणालो, "ही मुरलेली नसेल तर कान कापून देतो." ती कोरी होती. कान अजून जागेवर आहेत, पण घरात आता विषय निघाला की ही सुरी दाखवते.

एक अपघातही झाला. अकराव्या फेरीत उजवा स्पीकर एकदम मिणमिणता वाजला आणि आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, "कोरी!" मागे जाऊन पाहिलं तर प्लग अर्धवट बसलेला. ती फेरी रद्द करून पुन्हा घेतली.

आणि मध्यंतरात कांदाभजी खाताना सुवर्णकान सहज बोलून गेले, "वहिनी, १८ हजारांच्या मानाने प्लग जरा सैलच देतात हे लोक." त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली तेवढी स्वच्छ शांतता माझ्या सिस्टिमवर कधीच ऐकली नव्हती.

खवचट_खारूताई | ६ जुलै, रात्री ११.३८

वहिनींना सादर प्रणाम. खात्रीचा रकाना!

सुवर्णकान | ७ जुलै, सकाळी ८.१०

आकडे खरे आहेत, नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक बदलात अर्धा मिनिट जात होतं आणि बारकावे कानात तेवढा वेळ टिकत नाहीत. शिवाय परीक्षा म्हटलं की माणूस ताणतो. आणि १८ हजारांबद्दल क्षमस्व, मला खरंच माहीत नव्हतं.

ओहमशांती | ७ जुलै, सकाळी ८.४०

अर्ध्या मिनिटाचा मुद्दा रास्त आहे. पण मग २०० तासांपूर्वी केबल कशी वाजत होती हे कोणत्या कानाने लक्षात ठेवायचं?

सुवर्णकान | ७ जुलै, सकाळी ८.५५

विचार करतोय.

भाषाभगिनी | ७ जुलै, सकाळी ९.३०

निकाल लागला तर. 'रुळणे'च.

आंबेआळी | ७ जुलै, सकाळी १०.००

अकराव्या फेरीकडे लक्ष द्या लोकहो. अख्ख्या दिवसात दोघांनाही निर्विवाद ऐकू आलेला एकमेव फरक प्लगचा होता. बनियन घ्या, बनियन.

तारांबळ | ९ जुलै, रात्री १०.२०

गृहमंत्रालयाचा आदेश आल्याने केबल विकायला काढतोय. जागी घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिमीची लाल-काळी तार पीळ घालून लावलीय. आवाज छान आहे, किंवा पाऊस चालू आहे.

जाहिरातीत काय लिहू? "२०० तास मुरवलेली" लिहिलं तर खोटं होईल का?

ओहमशांती | ९ जुलै, रात्री १०.२८

"२०० तास वाजवलेली" लिहा. तास खरे आहेत.

मंडपवाला_कोल्हापूर | ९ जुलै, रात्री १०.३५

कितीला देताय? गणपतीत लावतो, बाराव्या दिवशी मुरली का सांगतो.

सुवर्णकान | ९ जुलै, रात्री १०.४१

तारांबळ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा. मला एकाच स्पीकरला दोन केबली लावायच्या जोडणीसाठी दुसरी जोडी लागणारच होती. माझी कोरी आहे ती मुरवायला दोन महिने जातील, तुमची तयार आहे.